स्लॉट मशीनचा चोक तापतो, बटणं अंधारात

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्याने तिथलं जुनं, टोकनवर चालणारं स्लॉट मशीन दिलं आहे. हॉलमध्ये ठेवलंय, मुलं खेळतात. 230 चे 110 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. चाकं नीट फिरतात, पण रंगीत काचेमागची ट्यूब फडफडते आणि चोक घूं घूं करत हात लावू देणार नाही इतका तापतो. मधल्या चाकाचा दिवा कधी लागतो, कधी नाही. तीन बटणांत स्कूटरचे बल्ब घातले. बसले, पण मिणमिणतात. काय करावं?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : हे तीन वेगळे दोष आहेत. आधी चोक बघा, आगीचा धोका तिथे आहे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. साठसाठी गुंडाळलेल्या चोकचा अवरोध पन्नासवर साधारण सहाव्या हिश्शाने घटतो आणि करंट वाढतो. घरघर, ताप, ट्यूबची काळी टोकं हे सगळं त्यातूनच येतं. स्टार्टर बदलून फडफड थांबेलही, ताप थांबणार नाही. मे महिन्यात पारा 45 वर असताना बंद पेटीतला असा चोक चालू ठेवूच नका.

प्लग भिंतीतून उपटा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. चोक आणि स्टार्टर काढून तारांची टोकं कनेक्टरने झाका. ट्यूबच्या जागी 12 व्होल्टची एलईडी पट्टी लावा. मीटरला 14.4 वॅटची पट्टी घेतली, तर 45 सेंटिमीटरच्या दोन ओळींना सुमारे 13 वॅट, म्हणजे 1.1 अँपिअर लागतात. 2 अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. तो सरळ घरच्या 230 वर लावा, मशीनच्या आतल्या सप्लायवर हा भार नको. पट्टी 4000 केल्विनची घ्या (हा आकडा उजेडाच्या रंगाचा). 6500 च्या निळसर उजेडात काचेवरचे लाल-पिवळे रंग अगदी उतरून जातात, आणि या मशीनची सगळी शोभा तर त्या काचेतच आहे.

मधल्या चाकाचा बल्ब बोटाने हलवून बघा. हलवल्यावर लागला तर बल्ब ठीक, होल्डर खराब. आपल्याकडे हॉलमध्ये उन्हाळाभर कूलर चालतो. त्याच्या ओल्या झोताने होल्डरची पाती काळी पडते. प्लग काढून खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने पाती घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नोज प्लायरने पाती किंचित आत दाबा. मशीनही झोतातून बाजूला सरकवा.

बटणांच्या मूळ बल्बवरचा नंबर वाचा. 555 म्हणजे 6.3 व्होल्ट, 194 म्हणजे 14 व्होल्ट. दोघांचं बूड सारखंच, म्हणून स्कूटरचा 12 व्होल्टचा बल्ब सहाच्या जागी बसतो आणि मिणमिणतो. उलट केलं तर क्षणात उडेल. एलईडी बल्ब घेतलात आणि पेटला नाही तर उलटा करून बसवा, दिशा चुकलेली असू शकते.

एक राहिलंच. ट्रान्सफॉर्मर ऑटो प्रकारचा (आत-बाहेर दोन्हींना एकच गुंडाळी असलेला) असेल तर फेज-न्यूट्रल उलटे झाल्यावर 110 ची दोन्ही टोकं झटका देतात. मुलं हात लावतात, म्हणून मशीनच्या पत्र्याला तीन-पिनमधली अर्थिंग मिळते का, हे मल्टिमीटरने आधी तपासा.

प्रश्न : अशाच मशीनचा दिव्यांचा फ्यूज बदलला की लगेच उडतो. जाड तार बांधू का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : अजिबात नको, वायरिंग जळेल. प्लग काढून सगळे दिवे उतरवा आणि फक्त लो-व्होल्टेज फ्यूजच्या जागी बाइकचा 12 व्होल्ट 10 वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडा. मेनच्या फ्यूजवर हे करायचं नाही. चालू केल्यावर बल्ब पेटला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. मग दर वेळी प्लग काढून एकेक कनेक्टर सोडवा आणि पुन्हा चालू करून बघा. जो सोडल्यावर बल्ब विझेल, त्या शाखेचे होल्डर बघा. बहुतेकदा दाराच्या बिजागरीपाशी वायर सोलून पत्र्याला टेकलेली सापडते. तिथे स्लीव्ह चढवा, आणि फ्यूज मूळ अँपिअरचाच घाला.