पोफळीवरचा ड्रॅगन, खांद्यावरचा ड्रॅगन

गेल्या अंकात मी आपल्याकडच्या उडत्या सरड्याबद्दल लिहिलं आणि जाता जाता सांगितलं, की प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली या सरड्यांच्या प्रजातीला 'ड्रॅको', म्हणजे ड्रॅगन, असं नाव दिलं. झालं! त्यानंतर आलेल्या पत्रांत सरडा कमी आणि ड्रॅगन जास्त. तेही गावं जाळणारे अजस्र ड्रॅगन नव्हेत. खांद्यावर बसणारे, दप्तरात झोपणारे, मालकिणीशी मनातल्या मनात बोलणारे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला. मनातल्या मनात बोलण्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. बाकीचं बघू.

आमच्या आगरात उडता सरडा आहे. बाबा म्हणतात, तो खरा ड्रॅगन. तो पंख फडफडवत का नाही? आणि मला तो पाळता येईल का?
– इयत्ता सहावीतली वाचक, देवगड

फडफडवत नाही, कारण ते पक्ष्यासारखे पंख नव्हेतच. त्याच्या काही बरगड्या छातीत वळून न बसता बाजूंना लांब वाढलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडी ताणलेली असते. छत्रीच्या काड्यांसारखं समज. खोडावर बसला की तो त्या मिटून अंगालगत घेतो. मग सालीचा रंग आणि त्याचा रंग एकच, दिसणं मुश्कील. झेप घेतली की बरगड्या पसरतात आणि तो तरंगत दुसऱ्या झाडावर जातो. उतरायच्या वेळी अंग वर उचलतो, वेग मोडतो आणि खोडाला चिकटतो.

गंमत पुढेच आहे. कर्नाटकात आगुंब्याजवळ पोफळीच्या एका पडीक बागेत मॅक्सिमिलियन डेलिंग या जर्मन संशोधकाने या सरड्यांच्या झेपांचे फोटो घेतले आणि २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यात दिसलं, की हवेत गेल्यावर सरडा पुढचे दोन्ही पाय मागे वळवतो आणि पंखाची पुढची कड पंजांनी चक्क धरतो. म्हणजे वळायचं कुठे हे तो हातांनी ठरवत असावा.

पाळू नकोस. तो मुख्यतः मुंग्या खातो, त्याही झाडावरच्या, चालत्या. खोक्यात घातलेल्या मुंग्या तुझ्या घरभर होतील आणि सरडा उपाशी मरेल. शिवाय नराला त्याची स्वतःची झाडं लागतात. ती राखण्यासाठी तो गळ्याखालची पिवळी पताका सारखी बाहेर काढून दाखवतो. सकाळी ऊन वर आलं की पोफळींच्या खोडांकडे बघत बस. पिवळं काही लुकलुकलं की तिथे तो. मादी दिसायची असेल तर जमिनीवरही लक्ष ठेव. ती सहसा खाली येत नाही, पण अंडी घालायला उतरते, तोंडाने माती उकरते आणि त्यात ती पुरते. तुझ्या वहीत याची नोंद झाली तर मला कळव. अशा नोंदी मोठ्या माणसांकडेही फार नाहीत.

मी कुमारांसाठी कादंबरी लिहिते आहे. नायिकेजवळ कावळ्याएवढा ड्रॅगन आहे. चार पाय, दोन पंख, तोंडातून ज्वाला. अंड्यातून बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा तिलाच पाहतो आणि जन्मभर तिचा होतो. यातलं शास्त्राच्या कसोटीवर काय टिकेल?
– एक लेखिका, पुणे

आकार टिकेल. तुमच्या पत्रातला सर्वांत शहाणा निर्णय तोच आहे. प्राण्याची लांबी दुप्पट केली, की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट. म्हणून घराएवढा ड्रॅगन हवेत जाणं अवघड. कावळा मात्र तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. तेवढं ओझं मुलीच्या खांद्यालाही चालतं.

चार पाय आणि दोन पंख इथे मी लाल पेन उचलते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत खरं उड्डाण तीनदाच जमलं: टेरोसॉर (डायनोसॉरांच्या काळातले उडते सरपटणारे प्राणी), पक्षी आणि वटवाघळं. तिघांनीही त्यासाठी पुढचे पाय खर्ची घातले. आपल्या सगळ्यांच्या मत्स्य पूर्वजांकडून पोहायच्या परांच्या, म्हणजे पुढे ज्यांचे हातपाय झाले त्यांच्या, दोनच जोड्या मिळाल्या, तिसरी कुणालाच मिळाली नाही. तेव्हा एक तर ड्रॅगनला दोन पाय नि दोन पंख द्या, नाही तर वरच्या उत्तरातला बरगड्यांचा मार्ग धरा. हा मार्ग नवा नाही. क्यूनिओसॉरस नावाचा सरपटणारा प्राणी वीस कोटी वर्षांहून आधी याच युक्तीने तरंगत होता. यात ड्रॅगनला खाली येता येईल, वर जाता येणार नाही. मी असते तर हाच घेतला असता. उतरताना रुबाब आणि चढताना मुलीच्या वेणीला लटकून विनवण्या करणारा प्राणी गोष्टीत जास्त कामाला येतो.

ज्वाला काढून टाका. तिच्याऐवजी बॉम्बार्डियर नावाच्या भुंगेऱ्याकडून शिकून घ्या. त्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पिशवीत साठवलेले असतात. पिशवीशेजारी जाड भिंतीची दुसरी खोली असते, तिच्यात विकरं म्हणजे एन्झाइम असतात. धोका वाटला की पिशवीतला द्रव त्या खोलीत सोडला जातो, तिथे क्षणात स्फोट होतो आणि शंभर अंशांच्या आसपास तापलेला फवारा फटफट आवाज करत बाहेर पडतो. आपल्याकडेही हे भुंगेरे आहेत. हाताळणाऱ्याच्या बोटांवर तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन सहज जात नाही. असा ड्रॅगन असेल तर नायिकेची बोटं कायम तपकिरी हवीत. शाळेत बाई विचारतील, हे काय गं?

आता तुमचा खरा प्रश्न, जन्मभराच्या मैत्रीचा. इथे बहुतेक लेखक ड्रॅगनला सरड्याचं अंग देतात आणि बदकाच्या पिल्लाचं मन. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झने हंसांच्या पिल्लांवर दाखवलेली गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अंड्यातून आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलतंबोलतं समोर दिसेल त्याच्यामागे ती लागतात, मग तो दाढीवाला माणूस का असेना. १९७३च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. पण पिल्लू असं का करतं? कारण हंसाला आई असते. तिच्यामागे गेलं तर जगणं, चुकलं तर मरणं.

बहुतेक सरड्यांच्या पिल्लांना आई भेटतच नाही. ती अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा मोठं असं जे काही दिसेल त्याला ते भक्षक समजतं, आणि ते बरोबरच असतं. स्वतःच्या जातीतला मोठा सरडाही त्याला गिळू शकतो. अशा पिल्लाने तुमच्या नायिकेचा चेहरा पाहिला तर पहिलं काम पळून जाण्याचं करील.

तेव्हा ड्रॅगनला सरड्याच्या घरात जन्माला घालू नका, मगरीच्या घरात घाला. पक्ष्यांची आज जिवंत असलेली सर्वांत जवळची नातेवाईक मगरच. मगरीची पिल्लं अंडं फुटायच्या आधी आतून हाका मारतात. त्या ऐकून मादी वाळू उकरते, अंडी जबड्यात हलकेच दाबून फोडायला मदत करते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. चेन्नईजवळच्या 'क्रोकोडाइल बँक' या मगर-संवर्धन केंद्रात आपल्या मगरीच्या नरानेही हे काम केल्याची नोंद आहे. म्हणजे तुमच्या प्रसंगात पहिली भेट नजरेची नको, आवाजाची हवी. अंड्यातून हाक येते, मुलगी काहीतरी बोलते, आतून परत उत्तर येतं. दोन-तीन दिवस हे चालू द्या. कवच फुटेपर्यंत त्याला तिचा आवाज पाठ झालेला असेल.

आणखी एक. मगरीत पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याला मिळालेल्या उष्णतेवर ठरतं. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून दोनतीन अंश कमी झालं की माद्या. मुलीने अंडं देवघरात ठेवलं की चुलीजवळ, यावर पुढची अर्धी कादंबरी अवलंबून राहू शकते.

'जन्मभर' हा शब्द मात्र जपून वापरा. आईमागे लागलेलं पिल्लू वयात आलं की आईला सोडतं. टिकतं ते जोडीचं किंवा थव्याचं नातं. आणि इथे सरड्यांची बाजूही मांडायला हवी, नाही तर ते मला माफ करणार नाहीत. ऑस्ट्रेलियात शिंगलबॅक नावाचा जाडजूड, आखूड शेपटीचा सरडा आहे. मायकेल बुल या संशोधकाने तिथे अनेक वर्षं त्यांच्यावर खुणा करून नोंदी ठेवल्या. दर वसंतात तेच नर त्याच माद्यांकडे परत येत होते, काही जोड्या तर वीस वर्षांहून अधिक काळ. वर्षाचे बाकीचे महिने दोघं वेगवेगळे. मला हे नातं आवडतं. तुमच्या ड्रॅगनला दर पावसाळ्यात रानात जाऊ द्या आणि पाऊस सरल्यावर परत आणा. वाचणारी मुलं त्या चार महिन्यांत काय काय विचार करतील!

उलट त्याला बारा महिने थव्यातल्या पक्ष्याप्रमाणे तिच्याशी बांधणार असाल तर त्याची किंमतही दाखवा. पिंजऱ्यात एकटे पडलेले पोपट स्वतःची पिसं उपटतात. तुमचा ड्रॅगन खवले ओरबाडेल. त्याचं रक्त गरम ठेवलंत तर खाणंही त्याच प्रमाणात. सरड्याला एका जेवणावर बरेच दिवस निघतात, तेवढ्याच वजनाच्या पक्ष्याला रोज खावं लागतं, आणि भरपूर. मुलगी शाळेत गेल्यावर त्याला कोण भरवतं हे पत्रात मला कुठेच दिसलं नाही. आजी असेल तर लिहा तसं. मग तो आजीचाच होणार, हेही लिहा.

मुलाला वाढदिवसाला इग्वाना हवा आहे. 'छोटा ड्रॅगन' म्हणतो. दुकानदार सांगतो, वीतभर आहे, पालाभाजी खातो, काही त्रास नाही. घ्यावा का?
– एक पालक, पिंपरी-चिंचवड

नको.

वीतभर आहे तो आज. हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातला, झाडांवर राहणारा. शेपटीसकट दीड मीटर सहज होतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलगा आज दहाचा असेल तर तो नोकरीला लागेपर्यंत. खोलीच्या उंचीचा पिंजरा लागेल, बसायला फांद्या, ऊन खायला गरम जागा आणि अतिनील किरणांचा दिवा. त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम मुरत नाही, हाडं मऊ होऊन वाकतात. घरगुती इग्वानांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि ते लक्षात येतं तेव्हा जबडा सुजलेला असतो.

कायद्याचंही बघा. इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडे कागद मागा, चेहरा बघण्यासारखा होतो. घोरपडीचा तर विचारही नको. ती याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तुरुंगाची वाट आहे.

आणि तो मुलाला ओळखेल का? खाणं देणारा हात ओळखेल, सवयीने शांतही बसेल. डोक्यावर हात फिरवताना तो डोळे मिटतो ते लाडाने असं समजू नका. बऱ्याचदा तो 'आता हे संपू दे' म्हणत असतो.

स्लोव्हेनियात पोस्तोयना गुहेत आम्हाला 'ड्रॅगनची पिल्लं' दाखवली. गुलाबी, आंधळी. हा काय प्रकार?
– एक वाचक, ठाणे

तो ओल्म. बेडकांच्या नात्यातला, सॅलमँडर गटातला, आयुष्यभर पाण्यात आणि अंधारात राहणारा उभयचर. बाहेर आलेले कल्ले मोठेपणीही तसेच राहतात. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांतून जोराच्या पावसानंतर गुहेतलं पाणी उसळून बाहेर येतं, त्याबरोबर एखादा ओल्म यायचा. आत डोंगरात ड्रॅगन राहतो आणि ही त्याची वाहून आलेली पिल्लं, असा लोकांचा समज. तिथले विद्वान वाल्वासोर यांनी १६८९च्या ग्रंथात तो लिहून ठेवला आहे. पोस्तोयनातच २०१६ साली लोकांसमोरच्या टाकीत ओल्मची अंडी फुटली तेव्हा जगभर बातमी झाली. शंभर वर्षांच्या आसपास जगू शकतो, अन्नाशिवाय वर्षानुवर्षं काढू शकतो. पाळीव ड्रॅगन म्हणून अगदी सोयीचा, फक्त त्याला तुम्ही दिसत नाही.

आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो. तो आपला ड्रॅगन म्हणावा का?
– एक दुर्गप्रेमी, सातारा

मला तो सस्तन वाटतो. सिंहाचं अंग, पंजे, आयाळ, कधी पंख. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरून उभा आहे. एवढी हिंमत असलेला प्राणी कुणाच्या खांद्यावर बसणार नाही.

ड्रॅगनला शी येते का?
– इयत्ता दुसरी, कणकवली (पत्र आईने लिहून पाठवलं आहे)

येते. पक्ष्यांना आणि सरड्यांना येते तशीच येणार: काळपट, आणि टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा भाग म्हणजे त्याची शू. आपण पाण्यात विरघळवून टाकतो ते हे प्राणी घट्ट करून टाकतात, म्हणजे अंगातलं पाणी वाया जात नाही. बघायची असेल तर ट्यूबलाइटच्या खाली भिंतीशी शोध, पालीची सापडेल. बोट लावू नकोस. लावलंस तर साबणाने हात धू आणि मग आईला सांग.