वेलबुट्टीच्या जागी दोन ओळी होत्या

शहापूर, बेळगाव

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पुनर्मुद्रणासाठी टाइप केलेली जुनी कथाही मिळाली. 1986 च्या त्या दिवाळी अंकात कथेच्या तिसऱ्या पानावर, मजकूर चालू असताना मध्येच वेलबुट्टी का छापली आहे, असं तू विचारलंस. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

तिथं दोन ओळी होत्या. त्या मी काढल्या.

मी तेव्हा प्रेसमध्ये प्रुफं वाचायचो, माणूस कमी पडला की जुळणीलाही बसायचो. त्या वर्षी जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झालं होतं, गोळीबारात माणसं गेली होती. दिवाळी आली तरी गल्लीत लोक दबक्या आवाजात बोलत होते. अशात खानापूर तालुक्यातल्या एका मास्तरांची ही विज्ञानकथा आली. साल 2056. शिरगणती करणारं यंत्र दारोदार फिरतंय. एका म्हातारीला ते विचारतं, "मातृभाषा?" छापील अंकात म्हातारी गप्प राहते आणि यंत्र पुढच्या घरी जातं. हस्तलिखितात ती आधी यंत्रालाच विचारते, "ऊटा आत?" पाहुण्याला जेवलास का विचारतात, तसं. मग म्हणते, "सुनेशी कानडी बोलते, विठोबाशी मराठी. म्हशीला दोन्ही कळतात. तुझ्या रकान्यात काय बसतंय ते लिही." यंत्र थांबतं. सगळी कथा त्या थांबण्यासाठी लिहिलेली आहे.

यात शिवी नाही, कुणाची निंदा नाही. पण मला वाटलं, इकडचे म्हणतील म्हातारीला कानडी बोलायला का लावलं, तिकडचे म्हणतील देवाशी मराठी का. खरं तर यातलं कुणीच प्रेसच्या दारात आलं नव्हतं. दोघांच्या वतीनं मीच रागावून घेतलं, चिमट्यानं अक्षरांचे खिळे उपसले, खिळ्यांच्या केसमध्ये परत टाकले आणि मोकळ्या जागेत वेलबुट्टीचा ब्लॉक बसवला. मास्तरांना विचारलं नाही. अंक निघाल्यावर ते आले, ते पान उघडून बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता स्टँडकडे गेले. पुन्हा त्यांनी कथा पाठवली नाही. आता ते नाहीत.

म्हणून, तू पुनर्मुद्रणात "थोडं सौम्य करू का" असं विचारतेस तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

रे ब्रॅडबरी यांची 'फॅरेनहाइट 451' तू वाचली असशील. 1953 ची कादंबरी. तिच्यातले आगीच्या बंबावरचे लोक आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. त्या कादंबरीचं पुढं काय झालं बघ. 1967 मध्ये तिच्याच प्रकाशकानं शाळांसाठी आवृत्ती काढली आणि लेखकाला न सांगता 75 ठिकाणी हात फिरवला. दारू प्यायलेला माणूस आजारी झाला. बेंबीतला मळ काढायचा उल्लेख होता, तो कानातला झाला. 1973 पासून तर दुकानात तीच कापलेली प्रत मिळत होती. लेखकाला हे 1979 च्या सुमारास कळलं आणि 1980 मध्ये मूळ मजकूर परत आला. तिथं ना बंदीहुकूम होता, ना काडी ओढणारा कुणी. असलाच तर माझ्यासारखा कुणीतरी, हातात निळी पेन्सिल घेतलेला, आपण मुलांचं भलंच करतोय असं मनापासून मानणारा.

सरकारी बंदी निदान दिसते. रशियन लेखक झाम्यातिन यांची 'वुई' ही भविष्यकादंबरी 1920-21 मध्ये लिहून झाली, आणि त्यांच्याच देशात छापली जायला 1988 उजाडलं. पण ती अडवलेली आहे हे माहीत असणारे लोक होते, बाहेर छापलेल्या प्रती होत्या. कापलेल्या पुस्तकाच्या वाचकाला मात्र आपल्या हातातलं कापलेलं आहे हेच कळत नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त वाईट वाटतो.

तेव्हा म्हातारीचं कानडी जसंच्या तसं ठेव. तळटीप देऊन अर्थ सांगायचीही गरज नाही, निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणालाही तो कळतो, आणि पुण्याचा वाचक अडला तर अडू दे थोडा. कथेत 'बेळगाव' आहे ते 'बेळगावी' करू नकोस. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, मास्तरांनी कथा 1986 मध्ये लिहिली. प्रकाशनाचा पत्ता आजच्या नियमानं छाप, कथेला तो नियम नाही. तलाठ्याच्या बायकोबद्दल मास्तरांनी जे वाक्य लिहिलंय ते मलाही आवडत नाही. तेही राहू दे. प्रस्तावनेत तुझ्या नावानं लिही की हे मला पटत नाही, आणि का पटत नाही तेही लिही.

मास्तरांच्या मुलीची लेखी परवानगी आधी घे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, जुनी कथा म्हणून कुणाचीही होत नाही. आणि त्याच कायद्याचं कलम 57 वाच. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड करून आपल्या नावाला बाध आणू नका, असं म्हणायचा लेखकाचा अधिकार उरतोच. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगितलं नाही म्हणून माझं काम बरोबर ठरत नाही.

आता तुझ्या स्वतःच्या कथेबद्दल. तू लिहिलंस की नदी कुणाच्या हद्दीत वाहते हे ठरवणाऱ्या संगणकाचा प्रसंग तूच काढून टाकलास, "उगाच कशाला" म्हणून. संपादन आणि भीती यांत फरक कसा करायचा, हे मी माझ्यापुरतं असं ठरवलंय: वाक्य काढताना मला वाक्य दिसतंय की माणूस दिसतोय? वाक्य ढिलं आहे, लांबलंय म्हणून काढलंस तर खुशाल काढ. दारात उभा राहिलेला कुणी रागीट माणूस दिसत असेल, तर हात थांबव आणि रात्र जाऊ दे.

भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही. 2015 साली फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आपण या दोन गावांच्या मधे राहतो. एवढं झाल्यावर घरी बसून तुला शौर्य शिकवायचा मला अधिकार नाही. पण नाव झाकता येतं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, कारण परीक्षकांनी शास्त्रज्ञाचं नाव न बघता कथा बघावी. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांचं कारण वेगळं होतं, तुझं वेगळं असेल. टोपणनाव घे, गावाचं नाव बदल, साल पुढं ढकल. विज्ञानकथेत एवढी मोकळीक आहेच, आज बोलायचं ते शंभर वर्षांनंतरच्या माणसाच्या तोंडी घालता येतं. मास्तरांनी तेच केलं होतं. फक्त प्रसंग काढू नकोस.

मास्तरांची वही या पत्रासोबत पाठवतोय. प्रेस बंद झाली तेव्हा रद्दीतून मी ती उचलून आणली होती. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला, खालून सहाव्या ओळीवर निळी रेघ दिसेल. ती माझी. म्हातारीचं बोलणं तिथून उतरवून घे, 'म्हशीला'तला 'ला' पुसट झालाय, भिंग लागेल. प्रूफ निघालं की ते पान आधी मला पाठव.

तुझा काका