चौथीत गिम्नाझिउम हुकलं तर?

पत्र : आम्ही चिंचवडला राहतो. वाहन उद्योगातल्या कंपनीकडून मला येत्या सप्टेंबरपासून म्युनिकला बदली मिळते आहे, किमान पाच वर्षांसाठी. मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीत. मुलगा चौदाचा, नववीत. दोघंही सीबीएसईला. जर्मनीत म्हणे चौथीतच ठरतं, मूल विद्यापीठात जाणार की कारखान्यात. हे ऐकल्यापासून पत्नी धास्तावली आहे. मी वर्षभर एकट्यानं जाऊन अंदाज घ्यावा, की सगळ्यांनी बरोबरच जावं? — एक पालक

उत्तर : आधी निर्णय सांगते, कारणं मागाहून. मुलीला वर्षभर मागे ठेवू नका. मुलाचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

जर्मनीत शिक्षण हा केंद्राचा विषय नाही, राज्यांचा आहे. राज्यं १६ आणि प्रत्येकाचे नियम आपापले. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. त्यामुळे बर्लिनमधल्या मित्रानं दिलेला सल्ला तुम्हाला म्युनिकमध्ये लागू होईलच असं नाही. तुम्ही बव्हेरियात जाताय आणि चौथीनंतर मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याच्या बाबतीत हे राज्य कडक मानलं जातं.

तिथे चौथीच्या वर्षात, मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा एक दाखला देते. त्यात जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, अशा तिन्हींची सरासरी असते. ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझिउमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला जाऊ शकतं, २.६६ पर्यंत मधल्या पातळीच्या रेआलशूलेला, नाहीतर व्यवसाय-शिक्षणाकडे नेणाऱ्या मिटेलशूलेला. (तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. पहिल्या चाचणीत मुलीला १ मिळाला तर पेढे वाटा, शिकवणी लावायला धावू नका.) सरासरी थोडक्यात हुकली तर तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात, त्यात मुलाला पुन्हा पारखलं जातं. परदेशातून उशिरा आलेल्या, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना थोडी सवलतही मिळू शकते. वर्गशिक्षिकेला पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

आता तारखा मांडून पाहा. मुलगी या सप्टेंबरमध्ये तिसरीत बसली तर त्या मे महिन्यापर्यंत तिच्या हाती वीस महिने आहेत. तुम्ही वर्षभर अंदाज घेत बसलात तर ती थेट चौथीत जाईल आणि हाती उरतील आठ. नवी भाषा शिकून त्याच भाषेत गणिताची शाब्दिक उदाहरणं सोडवायला आठ महिने फार कमी. वीससुद्धा भरपूर नाहीत. म्हणून शाळेनं तिला एक इयत्ता खाली बसवायचं सुचवलं तर हो म्हणा. आपल्याकडे वर्ग पुन्हा करणं म्हणजे कपाळावर शिक्का, तिकडे ती नेहमीची सोय आहे.

एवढं करूनही गिम्नाझिउम हुकलं तर? दार बंद होत नाही. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला गेलेली मुलं तुमच्या कंपनीतही असतील. तिकडची रचना बरीचशी तशीच आहे. रेआलशूले दहावीला संपते. चांगले गुण असले की पुढे दोन वर्षं फाखओबरशूले, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळा, तिथून उपयोजित विद्यापीठात, म्हणजे त्यांच्या हॉखशूलेत, इंजिनीअरिंग, व्यवस्थापन किंवा समाजकार्याची पदवी. त्याच शाळेत तेरावी केली की पारंपरिक विद्यापीठांकडेही जाता येतं. जर्मन वाहन कंपन्यांत हॉखशूलेतून आलेले इंजिनीअर भरपूर असतात. सहा महिन्यांत तुम्हालाच दिसतील.

गिम्नाझिउमचा रस्ता सरळ आहे, पण चढाचा. बव्हेरियात तो आता तेरावीपर्यंत जातो आणि आबिटूरला, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणाऱ्या शालान्त परीक्षेला संपतो. पाचवीत एक परकीय भाषा, सहावीत दुसरी, बहुधा लॅटिन किंवा फ्रेंच. जर्मन अजून अंगवळणी पडत असलेल्या मुलीसाठी हे ओझं थोडं नाही. रेआलशूलेत रमलेली मुलगी मला गिम्नाझिउममध्ये रडतखडत तगून राहिलेल्या मुलीपेक्षा जास्त आश्वासक वाटते. मराठी पालकांना हे पटत नाही, हे मला माहीत आहे.

विद्यापीठाऐवजी आउसबिल्डुंगची, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणाची वाटही असते. तिला आपण आयटीआय समजून नाक मुरडतो. ते दोन ते साडेतीन वर्षांचं शिक्षण असतं: आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत, उरलेले व्यवसाय शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून भत्ता. असे तीनशेहून जास्त मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत, त्यात बँक आणि आयटीसुद्धा. पुढे माइस्टर, म्हणजे त्या व्यवसायातला वरच्या पात्रतेचा उस्ताद झालं की जर्मनीच्या पात्रता आराखड्यात त्याची पातळी सहावी, म्हणजे बॅचलर पदवीचीच.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल २००१ च्या डिसेंबरमध्ये आले तेव्हा जर्मनीला धक्का बसला: घरची परिस्थिती आणि मुलाची शैक्षणिक कामगिरी यांचं नातं तिथे फार घट्ट निघालं. दहाव्या वर्षी मुलं वेगळी करावीत का, हा वाद तिकडे अजून चालू आहे. ज्या घरात पालकांना शाळेची पत्रं वाचता येत नाहीत, त्या घरातलं मूल मागे पडतं. म्हणून मुलीच्या आधी तुम्ही दोघं जर्मन शिका. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. निदान ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी इथूनच करून जा. घरी मात्र मराठीच बोला. तुमचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून तिचं सुधारणार नाही.

आणि तिला वर्गात हात वर करायची सवय लावा. तोंडी सहभागालाही गुण असतात. शांत, शहाणं मूल तिथे मागे पडतं.

आता मुलगा. चौदाव्या वर्षी, जर्मन न येता, नववीच्या गिम्नाझिउममध्ये तग धरणं जवळपास अशक्य. कंपनी आंतरराष्ट्रीय शाळेची फी देत असेल तर त्याच्यासाठी तो मार्ग घ्या. तिथला आयबी डिप्लोमा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बारावी, जर्मन विद्यापीठांना चालतो, पण विषयांच्या अटी असतात. गणित आणि विज्ञानाचे विषय निवडण्याआधी त्या तपासा. कंपनी फी देत नसेल तर बदलीच्या पत्रावर सही करण्याआधी मागा, नंतर कोणी ऐकत नाही. मुलीसाठी मात्र त्या शाळेच्या मोहात पडू नका. ती भाषा उचलायच्या वयात आहे आणि सरकारी शाळेला फी नाही.

फी मिळालीच नाही तर मुलगाही बरोबर जाऊ दे. आधी मिटेलशूलेच्या जर्मन-वर्गात भाषा, मग दहावीचं प्रमाणपत्र, मग वर सांगितलेली फाखओबरशूले. एखाददोन वर्षं जास्त लागतील. आजी-आजोबांकडे ठेवून बारावी करण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. भारतातल्या नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. त्यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा इथल्या विद्यापीठात यशस्वीपणे पूर्ण केलेलं एक वर्ष लागतं. शिवाय सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलगा मागाहून येणार असेल तर तुमचा व्हिसा कोणता, यावर त्याच्यासाठीचे नियम कडक होऊ शकतात. हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. आणि मुलालाही विचारा. तुमच्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही.

तयारीचं थोडक्यात. बव्हेरियात प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर घेतानाच शाळा पाहा. वर्ग दुपारीच सुटतात. दोघं नोकरी करणार असाल तर दुपारच्या सांभाळवर्गासाठी पोहोचल्याबरोबर अर्ज करा, जागा लवकर भरतात. जन्मदाखले आणि प्रगतिपुस्तकांची अधिकृत भाषांतरं करून घ्या. गोवर लसीच्या दोन्ही मात्रांचा पुरावा जवळ ठेवा. २०२० पासून शाळेत तो द्यावाच लागतो. मुलाची नववीची गुणपत्रिका घेऊन राज्याच्या सरकारी शाळा-सल्ला केंद्राची वेळ घ्या. तिथला सल्ला मोफत असतो.