मुलाची इम्युनिटी वाढवायला कोणता काढा द्यावा?

तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा शाळेत जायला लागल्यापासून सारखा शिंकतोय आणि तुम्ही विचारताय कोणता काढा किंवा सिरप द्यावं. काही देऊ नका. शाळेत नवीन गेलेल्या पोराला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच, समोर येणारा प्रत्येक व्हायरस त्याला नवा असतो. वजन वाढतंय, दोन सर्द्यांच्या मधे घर डोक्यावर घेतोय ना? मग झालं.

पण 'इम्युनिटी वाढवा' म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून एवढं टाइप करतेय.

मला २०१७ पासून रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे सगळे आमवात म्हणतात तो. सकाळी तास-दीड तास मूठ मिटायची नाही, मला वाटायचं कपडे पिळून झालं असेल, मग अँटी-सीसीपी (हा आजार ओळखायची रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आली. आमच्या सोसायटीत एक कुत्रं आहे, भंगारवाल्याला शेपूट हलवतं आणि मी आठ वर्षं तिथे राहतेय तर माझ्यावर धावून येतं. माझी इम्युनिटी तशी आहे, माझ्याच सांध्यांचं अस्तर कुरतडते. आता त्या कुत्र्याला रोज अंडी घालून दांडगं करायचं का?

तर मार्च २०२०. ९ तारखेला पुण्यात राज्यातले पहिले दोन कोविड पेशंट सापडले आणि आठवडाभरात आमचा दादा इम्युनिटी एक्स्पर्ट झाला. कोथरूडहून धायरीला स्कूटरवर येऊन गुळवेलीच्या चूर्णाची मोठी बरणी देऊन गेला, कडुनिंबावरची आहे, सगळ्यात भारी असते म्हणे. वर म्हणाला, अगं तुझी ती मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती मारते, या दिवसांत घेणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. मला पटलं! आमवातासाठीची आठवड्यातून एकदाची गोळी, दिली सोडून. दुसरी गोळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ती रोजची, तर कोविडवर चालते म्हणून धडधाकट लोकांनी ती पाकिटंच्या पाकिटं उचललेली (नंतर कळलं चालतच नाही) आणि आम्हाला खरंच लागते ते सिंहगड रोडवरची मेडिकलं पालथी घालतोय.

मे महिन्यात मला कुकरचं झाकण लावता येईना. नवरा पोळ्या लाटायला लागला, नकाशे होते पण लाटल्या बिचाऱ्याने. डॉक्टरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, कोविड झालेला नसताना गोळी बंद करायला सांगितली कोणी? मूळ पदावर यायला चार महिने गेले आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं ते झालंच.

आणि गंमत बघा, कोविडमधे जे सिरीयस झाले त्यातल्या कितीतरी जणांची फुप्फुसं त्यांच्याच इम्युनिटीच्या भडक्याने खराब झाली. जून २०२० मधे इंग्लंडच्या ट्रायलमधे ऑक्सिजनवरच्या पेशंटांचे मृत्यू कमी करणारं औषध सापडलं ते डेक्सामेथासोन, म्हणजे इम्युनिटी दाबणारं जुनं स्वस्त स्टिरॉइड. हे मी दादाला तेव्हाच सांगितलं. त्याचं उत्तर, तुला कोविड झाला नाही ना, मग? काढा! अरे मी चार महिने दूध आणायलासुद्धा खाली उतरले नव्हते. दर दिवाळीला हाच वाद. २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट जर्नलमधे छापले, तेही त्याला पाठवलं, तर त्याने आयुष मंत्रालयाचा खुलासा उलटा पाठवला की दोष गुळवेलीचा नाही. घ्या.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर लसीचं कार्ड काढून बघा, पाचव्या वर्षाचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर येईलच आता. शरीराला शत्रू आधी दाखवून ठेवायचा तर लसीइतकं नेमकं दुसरं काही नाही. बाकी झोप आणि घरचं जेवण. हां, एक राहिलं, वारंवार न्यूमोनिया होत असेल, कान सारखा वाहत असेल, वजनच वाढत नसेल तर मी वर लिहिलेलं विसरा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मी काही डॉक्टर नाही, अकाउंट्सला आहे. आणि आयुर्वेदवाल्यांनी कमेंटमधे तुटून पडू नका, आलं-गवती चहा मी पण रोज पिते, चहा म्हणून.

दादा, तू हे वाचणार माहितीये मला. बरणी माळ्यावर आहे, अर्धी शिल्लक, येऊन घेऊन जा.