नावाचा रकाना काढा, मगच प्रश्नावली वाटा

तुम्ही लिहिलंय की प्रशिक्षणाआधी रुग्णालयातल्या तुमच्या विभागातल्या 48 जणांकडून दारूबद्दलची 'ऑडिट' प्रश्नावली (पिण्यामुळे धोका आहे का, हे गुणांवरून चाळणारी) भरून घेतली, जवळपास सगळ्यांचे गुण शून्य किंवा एक आले आणि आता प्रशिक्षणात काय शिकवायचं हेच कळेना. हे आकडे ओळखीचे आहेत. फॉर्मवर नाव किंवा कर्मचारी क्रमांक होता, असं मी धरून चालते. असेल तर तो गठ्ठा बाजूला ठेवा, त्यातून निष्कर्ष काढू नका.

आमच्याकडे हा रकाना एका कार्यालयाच्या हट्टापायी राहिला. हजेरी आणि प्रश्नावली एकाच कागदावर हवी, नाहीतर प्रशिक्षणाचे तास धरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनीच जास्त गुण असलेल्यांची यादी मागितली. दिली नाही, पण मागितल्याची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली आणि पुढची दोन वर्षं कोणी खरं लिहिलं नाही. एकदा उडालेला विश्वास परिपत्रक काढून परत येत नाही.

नाव काढलं म्हणजे काम झालं असंही नाही. वय, लिंग, पद आणि शिफ्ट एकत्र विचारलंत तर बारा जणांच्या विभागात माणूस लगेच ओळखू येतो. पदाचे दोन-तीन मोठे गट पुरे. फक्त खुणा करायला सांगा, कारण हस्ताक्षर ओळखतात. ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल नोंदवण्याची सोय बंद करा. आधीचे आणि नंतरचे गुण जोडायचे असतील तर क्रमांकाच्या चिठ्ठ्या उलट्या ठेवून ज्याची त्याला उचलू द्या, यादी कोणाकडेच नको. हजेरीचा कागद वेगळ्या टेबलावर. आणि शीर्षकात 'ऑडिट' शब्द नको. आपल्या क्षेत्रात तो वाचला की लोकांना तपासणीच आठवते.

दुसरी गडबड मापाची. प्रश्नावली 'किती ड्रिंक' विचारते आणि भरणारा ग्लास किंवा कॅन मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशोब सोपा: मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले 0.79 (अल्कोहोलची घनता). 60 मिली, 40 टक्के म्हणजे 19 ग्रॅम, जवळजवळ दोन ड्रिंक. 500 मिलीचा 8 टक्के बिअरचा कॅन म्हणजे साधारण 32 ग्रॅम, तीन ड्रिंक. असे दोन कॅन पिणारा दुसऱ्या प्रश्नाला 'एक किंवा दोन' लिहितो आणि शून्य गुण मिळवतो. खरं उत्तर 'पाच किंवा सहा', म्हणजे दोन गुण. तिसऱ्या प्रश्नालाही, एका वेळी सहा किंवा जास्त, तो 'कधीच नाही' म्हणतो. खोटं बोलायची गरजच पडत नाही.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात स्लाइडने करू नका. प्रत्येकाला साधा ग्लास आणि पाणी द्या, 'घरी ओतता तसा एक पेग ओता' म्हणा आणि ते पाणी 50 मिलीच्या सिरिंजने ओढून मोजायला लावा. सिरिंज दुसऱ्यांदा भरावी लागली की खोली गप्प होते. पुढचं ऐकतात ते तेव्हापासून.

ज्ञानाचे प्रश्न पर्याय न देता विचारा. 'दारूने कोणते कर्करोग होतात?' आणि खाली रिकामी ओळ. यकृत सगळे लिहितात. स्तन आणि मोठं आतडं राहून जातं, आणि शिकवायचं तेच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्य 1988 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींत, टाकलंय. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या पिण्यानेही वाढतो. 'रेड वाइन हृदयाला चांगली' हे रुग्णाला सांगणारे आपलेच लोक आहेत, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

मदतीच्या ठिकाणाची चिठ्ठी प्रत्येक फॉर्मसोबत द्या, सगळ्यांना सारखीच, आणि शक्यतो संस्थेबाहेरची. 'ऑडिट'चे गुण 8 किंवा जास्त आले तर पिण्यामुळे धोका आहे असं समजायचं. 20 किंवा जास्त असतील तर अवलंबित्वाची शक्यता. रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःहून एकदम बंद करू नये हे चिठ्ठीवर ठळक लिहा. शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. (प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नाही. तुमच्या संस्थेचे नियमही मला माहीत नाहीत. नीतिसमितीला आधी विचारा.)

जाता जाता एक. केस पेपरवर रुग्णाच्या पिण्याबद्दल 'ऑकेजनल' (कधीतरी) हा शब्द बंद करायला लावा. त्याजागी दोनच नोंदी: आठवड्याला किती ग्रॅम आणि शेवटचं कधी प्यायले, तारीख आणि वेळ. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, दारू अचानक तुटल्यामुळे, रुग्ण थरथरत, घामेजून बिछान्यातून उठू लागला की रात्रपाळीच्या सिस्टरला त्या दुसऱ्या नोंदीचीच गरज असते.