गळक्या टाकीशेजारी नवी टाकी नको

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे. पावसाळ्यात बटणाच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात. आत ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) बदलले तर हे थांबेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : प्रश्न जिवाचा आहे, म्हणून आधी घेतला. नाही, थांबणार नाही. तुमचा सेट एसी-डीसी जातीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घरच्या विजेवर चालणारा दिसतो. व्हॉल्व्हवरची नावं वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरू होत असतील तर शंकाच नको. या सेटमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागून एक ओवलेले असतात आणि विजेची एक तार चासीलाच, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यालाच, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेज होते. प्लग फिरवून झिणझिण्या थांबतील, पण उद्या घरातलं कुणी तो पुन्हा उलटा घालेल. बटणांच्या स्क्रूवरचं मेण आणि पाठीचं पुठ्ठ्याचं झाकण यांचं काम माणसाला चासीपासून लांब ठेवण्याचं आहे. मेण गळून गेलं असेल. तोवर प्लग काढून ठेवा, आणि ज्याच्याकडे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा) आहे अशाच माणसाला सेट उघडू द्या.

प्रश्न : आमची चरईतली इमारत पुनर्विकासाला जायची आहे. माळा रिकामा करताना आजोबांचा रेडिओ मिळाला. व्हॉल्व्ह ईझेड ८०, ईएल ८४ वगैरे आहेत. लावला तर व्हॉल्व्ह पेटले, पण इतकी घरघर की आकाशवाणीचा आवाज तिच्यामागे बुडाला. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी घरघर तेवढीच. चासीवर ॲल्युमिनियमचा डबा आहे, त्यावर ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट असं छापलंय आणि बुडाशी पांढरी भुकटी जमलीय. जवळच्या एका मेकॅनिकने डबा तसाच ठेवून त्याच्या पायावर १०० मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर जोडून दिला. घरघर गेली, पण दहा मिनिटांत ट्रान्सफॉर्मर चटका बसेल एवढा तापला आणि वास आला. रेडिओ गेला का? मला सोल्डरिंग येतं. हे काम मी करू का?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : करा. पण आधी प्लग काढा आणि खाली मी लावा म्हणेपर्यंत एकदाही लावू नका, ‘बघू तरी’ म्हणूनसुद्धा नाही.

तुमचं निरीक्षण फार कामाचं आहे. आवाजाचं बटण शून्यावर आणूनही घरघर कमी होत नाही, म्हणजे ती त्या बटणाच्या पुढे शिरते आहे, आणि बुडाशी भुकटी आलेला डबा बघता ती फिल्टरमधूनच, म्हणजे वीज सपाट करणाऱ्या या डब्यातूनच, येते आहे. आपल्याकडे पालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, नळ मात्र दिवसभर चालतो, कारण मधे गच्चीवर टाकी असते. एसी विजेची डीसी करणारा ईझेड ८० हा व्हॉल्व्ह सेकंदाला १०० वेळा विजेचा लोंढा सोडतो आणि डब्यातले दोन कंडेन्सर तो साठवून पुढे सारखी धार देतात. इतक्या वर्षांत आतलं द्रव सुकलं, टाकी उथळ झाली. ते १०० लोंढे सरळ स्पीकरपर्यंत पोचले, तीच तुमची घरघर.

पण टाकी उथळ होते तशी गळकीही होते. न वापरलेल्या कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर बिघडतो आणि वीज त्यातून झिरपत राहते. शेजारी नवी टाकी ठेवल्याने साठा वाढला, गळती होती तशीच राहिली. त्या गळतीचा भार ट्रान्सफॉर्मर आणि ईझेड ८० वाहत होते. शिवाय ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो. नवा १०० त्या पायावर बसला असेल तर प्रत्येक लोंढ्याला व्हॉल्व्हमधून झेपणार नाही एवढा करंट ओढला जातो. कंडेन्सर मोठा तेवढा चांगला, हा समज इथे महागात पडतो.

सामानाला ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पुढे चालत लॅमिंग्टन रोड. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन कंडेन्सर घ्या. ५० च्या जागी ४७ बिनधास्त चालतो. डब्यावर ३५० लिहिलं असलं तरी ४५० घ्या, कारण बाकीचे व्हॉल्व्ह पुरते तापून करंट ओढू लागेपर्यंत व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतं. कुणी जुना, ‘कोरा’, पाकिटातला माल दाखवला तर मोहात पडू नका. तोही पाकिटात बसून तितकाच म्हातारा झालेला असतो.

उघडण्याआधी फोटो काढा. मग कंडेन्सर रिकामे करायचे. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना क्लिपच्या वायर लावा, एक क्लिप चासीला, दुसरी डब्याच्या एकेका पायाला दहा-दहा सेकंद. नंतर मीटरने बघा, एक-दोन व्होल्टच्या खाली आलं पाहिजे. काही जण स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करतात. तसं करू नका. ठिणगी उडते, आणि दचकलेला हात नको तिथे लागतो.

आता डब्याच्या दोन्ही पायांवरच्या तारा सोडवा, मेकॅनिकने जोडलेलाही काढून टाका. डबा मात्र चासीवर राहू द्या, रेडिओचं रूप त्याने आहे. तारा सोडवताना चिठ्ठ्या लावा: ईझेड ८० च्या ३ नंबरच्या पायाकडून येते ती पहिली, रेझिस्टरच्या पलीकडून येते ती दुसरी. चासीच्या आत एक टॅग स्ट्रिप (तारा सोल्डर करायची पट्टी) बसवून नवे दोन तिच्यावर लावा आणि त्यांच्या उणे बाजू डब्याच्या अर्थिंगच्या जागीच आणा. नव्या कंडेन्सरवरचा पट्टा उणे बाजू दाखवतो. उलटा लागला तर फुटतो, हे दोनदा तपासा.

इथेच थांबू नका. १९९४ साली मावशीच्या सेटचे फिल्टर मी बदलले, आवाज स्वच्छ आला, ती किती खूश झाली! स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ व्हॉल्व्हच्या २ नंबरच्या पायाला येणारा मेणकागदाचा छोटा कंडेन्सर मी तसाच ठेवला होता. तो झिरपत होता. त्यातून व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीवर, धन व्होल्टेज गेलं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढत राहिला आणि तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता ते दिवस गेले. आज असा ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळून घ्यावा लागतो आणि आधीचा सूर परत येईलच असं नाही. मला ती चूक अजून सलते. तेव्हा तो ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तपासत बसू नका, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर सरळ लावून टाका. खर्च चहाएवढा आहे.

आता तुम्हाला आलेल्या वासाचा प्रश्न. त्यासाठी सिरीज बोर्ड करा: ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब रेडिओच्या फेजमध्ये. एलईडी चालणार नाही. सगळे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे काढून प्लग लावा. बल्ब जेमतेम दिसेल इतका मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर वाचला. लख्ख पेटला तर आत गुंडाळी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. वाचला असेल तर प्लग काढून ईझेड ८० सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवा. या वेळी बल्ब थोडा लालसर पेटेल, ते फिलामेंटचं काम आहे. शेवटी ईझेड ८०. बल्ब अर्ध्या मिनिटात हळूहळू उजळून एका जागी ठरला पाहिजे. वाढतच राहिला तर लगेच बंद करा. ठरला तर सिरीज काढून थेट लावा आणि पहिला अर्धा तास खोली सोडून जाऊ नका.

मीटरची क्लिप सेट थेट लावण्याआधीच, प्लग काढलेला असताना, ईएल ८४ च्या ३ नंबरच्या पायाला अडकवा, दुसरी चासीला. वीज असताना आत हात घालायचा नाही. सेट तापल्यावर तिथे सहा-सात व्होल्टच्या आसपास असायला हवेत. दहाच्या वर गेले तर व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आहे, तेव्हा बंद करून मला आकडा कळवा, सोबत त्या पायाला लावलेल्या रेझिस्टरवरचे रंगही.