स्लेटच्या इलेक्ट्रिक पिकअपसाठी थांबू, की आता मिळेल ते घेऊ?

तुम्ही ओहायोतून विचारलंय: स्लेट या नव्या अमेरिकी कंपनीच्या पिकअपसाठी ५० डॉलर भरून बुकिंग केलंय, २००९ची सेदान कधीही मान टाकेल अशी आहे, आणि घरची कामं करायला नि छोटी बोट तलावावर न्यायला पिकअप हवाय. तर थांबावं का?

बुकिंग राहू द्या, पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

हे बोलायचा अधिकार मला आहे, कारण मी चार वर्षं थांबलोय. २१ नोव्हेंबर २०१९च्या रात्री टेस्लाने आपला इलेक्ट्रिक पिकअप, सायबरट्रक, दाखवला. मजबुती सिद्ध करायला स्टेजवर खिडकीवर पोलादी गोळा मारला आणि काच तडकली. ते डोळ्यांनी पाहूनही मी त्याच रात्री १०० डॉलर भरले, यावरून माझी अवस्था ओळखा. दोन मोटरवाल्याची किंमत सांगितली होती ४९,९०० डॉलर, उत्पादन २०२१च्या अखेरीस. पुढे २०२२ आलं, गेलं. गाडीची बॉडी स्टेनलेस स्टीलची, दिसायला झकास, पण त्या स्टीलची गाडी घडवणं महाकठीण. 'या ट्रकने आम्ही स्वतःचीच कबर खणली' असं २०२३मध्ये खुद्द टेस्लाचे मस्क म्हणाले. पहिल्या गाड्या ३० नोव्हेंबर २०२३ला इथे ऑस्टिनच्या कारखान्यात लोकांच्या हाती पडल्या. माझा नंबर लागला तेव्हा मिळत होती ती फक्त 'फाउंडेशन सिरीज' ही सुरुवातीची महागडी आवृत्ती, ९९,९९० डॉलरपासून पुढे.

ही म्हणाली, "अरे, आपण मंडळाचं गणपतीचं मखर न्यायला गाडी घेत होतो ना?"

पैसे परत मागितले, ते बिनबोभाट मिळालेही. चूक माझीच. १०० डॉलर भरले म्हणजे भाव ठरला, असं मी मनाशी धरून बसलो होतो. याला कारण आमचे बाबा. त्यांनी पुण्यात स्कूटरचा नंबर लावला होता आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. तेव्हा लोक आपला नंबर 'ऑन'ने, म्हणजे वर जास्तीचे पैसे घेऊन, विकायचेसुद्धा. पण ती स्कूटर रोज गल्लीतून धावताना दिसायची. रांग होती ती तयार वस्तूची. इथे वस्तूच तयार व्हायची असते आणि रांग आधी लागते. हा फरक मला कळायला चार वर्षं लागली.

बाकीच्यांचंही पाहा. फोर्डने मे २०२१मध्ये आपली इलेक्ट्रिक पिकअप, लाइटनिंग, ३९,९७४ डॉलरला जाहीर केली. मार्च २०२३पर्यंत तेच सगळ्यात स्वस्त मॉडेल ५९,९७४वर गेलं होतं. नंतर भाव उतरले, आणि डिसेंबर २०२५मध्ये तर निव्वळ बॅटरीवरची लाइटनिंग बंद करत असल्याचं कंपनीने सांगून टाकलं. इलेक्ट्रिक पिकअप बनवणाऱ्या रिव्हियन कंपनीने मार्च २०२२मध्ये आधीच बुकिंग केलेल्यांनाही वाढीव दर लावला होता. लोक इतके खवळले की दोन दिवसांत माफी मागून त्यांच्यापुरता जुना भाव परत दिला. सायबरट्रकचं ३९,९००चं मॉडेल तर त्या भावात कधी आलंच नाही.

आता स्लेट. एप्रिल २०२५मध्ये 'वीस हजारांच्या आत' असा गाजावाजा झाला, पण त्यात ७,५०० डॉलरची केंद्राची करसवलत धरलेली होती. ती ३० सप्टेंबर २०२५ला संपली. म्हणजे कंपनीने भाव न वाढवताही गाडी पंचवीस हजारांच्या आसपास गेली. मला ही गाडी मनापासून आवडते, खोटं का बोलू? दोन सीट, हाताने फिरवायच्या काचा, रंग नाही, टचस्क्रीन नाही. आपल्याकडच्या छोट्या टेंपोची आठवण यावी इतकी साधी. एका चार्जमध्ये लहान बॅटरीवर १५० मैल, मोठीवर २४०, असं कंपनी सांगते.

पण तुमची बोट! स्लेटची ओढायची क्षमता १,००० पौंड सांगितली आहे. अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट, तिची मोटर आणि ट्रेलर मिळून हा आकडा सहज ओलांडतात. शिवाय मागे ओझं लावलं की कुठल्याही इलेक्ट्रिक पिकअपची रेंज निम्म्यावर येऊ शकते, त्यात तुमच्याकडची थंडी. तेव्हा प्रश्न थांबण्याचा नाहीच. तुमच्या कामाला ही गाडी उद्या दारात आली तरी पुरणार नाही.

मी असतो तर वापरलेली लाइटनिंग बघितली असती. नव्याच्या मानाने ती बरीच खाली मिळते, आणि ओझं ओढण्यासाठीचं योग्य पॅकेज गाडीला असेल तर १०,००० पौंडांपर्यंत ओढते. फक्त बॅटरीची वॉरंटी (आठ वर्षं किंवा एक लाख मैल) किती उरली आहे ते आधी पाहा.

मी स्वतः अजून पिकअप घेतलेला नाही. त्या चार वर्षांत मला पिकअप खरोखर किती वेळा लागला ते मोजलं, तर अकरा वेळा. हार्डवेअरच्या दुकानातून तासावर भाड्याने आणतो. मखर त्यात नीट मावतं.

बोटीचं ट्रेलरसकट वजन किती आहे ते खाली लिहा, म्हणजे कुठलं पॅकेज बघायचं ते सांगता येईल.